बोअरचे पाणी

आमच्या लोहा गावाच्या नावातच धातू आहे. परंतु ज्या यंत्राची हकीकत आज सांगावयाची आहे, त्याच्या अंगी लोखंडाचा अंश बेताचाच होता. मारुतीने 1993 साली बाजारात आणलेल्या झेन या छोटेखानी गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ही दोन्ही ॲल्युमिनियमची ओतलेली, आणि लोखंड उरले ते सिलिंडरांच्या आतील अस्तरात नि फिरणाऱ्या भागांत. चार सिलिंडर मिळून 993 घनसेंटिमीटर, बोअर 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक 61. म्हणजे पिस्टनची धाव त्याच्या रुंदीहून आखूड, आणि म्हणून संथपणे ओझे ओढण्यापेक्षा चढ्या फेऱ्यांवर गुणगुणत पळणे हाच या यंत्राचा मूळ स्वभाव. अश्वशक्ती कागदोपत्री पन्नास, पण गाडीचे वजन पाऊण टनाच्या घरातले, त्यामुळे तेवढ्या शक्तीवरही ती पायाखालच्या घोडीसारखी उसळते. संस्कृतातील ध्यान चीनमधून जपानात जाऊन झेन झाले, असे पंडित सांगतात. आमच्याकडे आलेल्या झेनगाड्यांच्या तरुण मालकांत मात्र ध्यानस्थ असा मला अद्याप एकही भेटलेला नाही.

गेल्या मार्गशीर्षात, माळेगावला खंडोबाची यात्रा भरून घोड्यांच्या बाजारात गर्दी उसळली होती त्याच दिवसांत, शेजारच्या गावचा एक पोरगा पुण्याहून आणलेली 1998 सालची झेन घेऊन माझ्या शेडपुढे उभा राहिला. "मामा, गाडी पळायला पाहिजे बघा," एवढीच त्याची कैफियत. एस्टीमचे 1298 घनसेंटिमीटरचे इंजिन याच कुळातले असून ते हिच्यात बसते, हे त्याला ठाऊक होते. तेवढा खर्च झेपत नसल्यास हेड चांगले मिलिमीटरभर घासून कॉम्प्रेशन वाढवावे, अशी त्याने पर्यायी तजवीजही करून आणली होती. माळेगावचा दलाल घोडा पळवून दाखवतो, आणि जाणता गिऱ्हाईक धाव पाहण्याआधी त्याचा जबडा उघडतो. मी रेडिएटरचे झाकण उघडले. आत चुनखडीसारखा पांढरा थर चढलेला.

बोअर हा शब्द आमच्या भागात दोन अर्थांनी नांदतो: एक इंजिनातला आणि दुसरा शेतातला. बालाघाटाच्या या काळ्या पाषाणातून शेकडो फुटांवरून उपसलेले पाणी इतके जड असते, की चहाच्या पातेल्याला वर्षभरात पांढरा गिलावा चढतो. मग इंजिनाच्या आतील अरुंद वाटांची गत काय वर्णावी? जिथे उष्णता अधिक तिथे क्षार अधिक बसतात, जिथे ते बसले तिथली उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, आणि हे दुष्टचक्र ताप वाढवीत राहते. गाडीत बोअरचे पाणी ओतू नये हे मी तीस वर्षे सांगत आलो. परंतु ज्या मुलखात 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथे रेडिएटरला शुद्ध पाणी मागणाऱ्या मिस्त्रीकडे लोकांनी चमत्कारिक नजरेने पाहावे, यात त्यांचा दोष तरी कितीसा?

शिवाय आधीच्या कोणा कारागिराने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. उष्ण मुलखात त्याची गरज नाही, ही समजूत आमच्या धंद्यात खोल रुजली आहे, आणि ती सपशेल चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी फार वेळ थंड राहते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते, आणि रेडिएटर आतून तुंबलेला असल्यामुळे वैशाखात ते उकळायचे ते उकळतेच.

कॉम्प्रेशन मोजले. पहिला आणि चौथा बाराच्या पुढे. दुसरा आणि तिसरा कसेबसे आठ. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडूनही आकडा हलला नाही, म्हणजे दोष रिंगांचा नव्हता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी दुबळे पडले, की तो बहुधा बांधाचा तंटा असतो, हे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणाही शेतकऱ्यास समजावे: मधली गॅस्केट जळालेली असते आणि एकाचा दाब दुसऱ्याच्या हद्दीत शिरत असतो.

हेड रात्रभर थंड होऊ देऊन, बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करीत उघडले. सरळ पट्टी ठेवून खालून फीलर सारला, तर मध्यभागी 0.15 मिलिमीटरची पाती सहज शिरली. माझा हात 0.05 च्या पुढे माफी देत नाही. ॲल्युमिनियम हा उष्णतेने फुलणारा धातू. फूटभर लांबीचा तुकडा शंभर अंशांनी तापवला तर तो सुमारे 0.7 मिलिमीटर वाढतो, ओतीव लोखंड त्याच्या निम्म्याने. बोल्टांनी जखडलेल्या हेडला एवढे वाढावयास जागा मिळाली नाही, की ते मध्येच वाकते आणि थंड झाल्यावर पूर्ववत सरळ होत नाही.

नांदेडच्या लेथवाल्याकडे हेड नेताना पोरगा सोबत होता, आणि वाटेत त्याने पुन्हा मिलिमीटरभराचा विषय काढला. मी हिशेब मांडला. 72 मिलिमीटरच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे 40.7 चौरस सेंटिमीटर. मिलिमीटरभर घासले तर ज्वलनकक्षातून फार तर चार घनसेंटिमीटर जातील, आणि 248 घनसेंटिमीटर मिश्रण तेवढ्याच कमी जागेत चेपले जाईल. थंडीत गाडी तुला खुशीत ठेवील. पण मेच्या दुपारी, पारा बेचाळीसवर असता, चढणीला ती आतून खडखडू लागेल, पेट्रोल ठिणगीने लावलेल्या ज्वाळेची वाट न पाहता पेट घेईल, आणि ते हातोडे पिस्टनच्या माथ्यावर बसतील. शिवाय हेड जितके खाली येईल तितका कॅम क्रँकच्या जवळ सरकतो आणि पट्ट्याचे टायमिंग मागे पडते, ते निराळेच. पोरगा गप्प झाला. पटले म्हणून की कंटाळला म्हणून, हे मी विचारले नाही. लेथवाल्याला सांगून सरळ होण्यापुरतेच, 0.2 मिलिमीटर, घासून घेतले.

ट्यूनिंगचा खरा भाग यानंतर आला, आणि तो पाहावयास पोरगा तीन दिवस शेडमध्ये बसून होता. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासले, करड्या रंगाचे अखंड वर्तुळ उमटेपर्यंत. मग हेड उलटे समतल ठेवून, प्रत्येक कक्षावर भोक पाडलेली काच ग्रीसने चिकटवून, औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने रॉकेल सोडले नि चारही कक्षांचे घनमान मोजले. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान कक्षांत 0.8 घनसेंटिमीटरचा फरक निघाला. कारखान्यात हजारोंनी हेडे ओतली जातात, तेव्हा एवढे चालायचेच. पण एकाच क्रँकवर चार भावांनी निरनिराळ्या जोराने लाथा मारल्या, की ती थरथर मालकाला कळत नसली तरी बेअरिंगला कळते. छोट्या कक्षांची कड कानशीने उतरवीत, पुन्हा रॉकेल भरीत, मी चौघांना एका मापावर आणले. पोर्टाच्या तोंडावर पुढे आलेली गॅस्केटची किनार कापली, जेणेकरून वाऱ्याला वाटेत उंबरठा लागू नये. अश्वशक्ती या साऱ्याने किती वाढली, याचा दाखला देणारे यंत्र माझ्याकडे नाही.

थर्मोस्टॅट नवा आणला, त्यावर 82 अंशांचा आकडा कोरलेला. तरी तो मी चहाच्या टोपात पाणी उकळून, तापमापक धरून, डोळ्यांदेखत उघडताना पाहिला. माझे उस्ताद नांदेडचे. त्यांचे वडील निजामाच्या रेल्वेने 1932 साली सुरू केलेल्या मोटार खात्यात फिटर होते, आणि इंजिन तापते आहे की नाही हे काट्यावर न पाहता रबरी नळीला हात लावून ओळखावे, ही त्या घराण्याची शिकवण.

सहाव्या दिवशी रेडिएटरमध्ये बोअरचे नव्हे, तर कूलंट घातलेले शुद्ध पाणी भरले. किल्ली फिरविली. दोनदा तोंड उघडून मिटल्यासारखे झाले, आणि तिसऱ्यांदा इंजिन लागले. पोरगा लगेच ॲक्सिलरेटरकडे झेपावणार, तोच मी त्याचा हात धरून वरच्या नळीवर ठेवला. नळी थंड होती. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो; रस्त्यावरून अहमदपूरकडे जाणारे ट्रक गेले, शेजारच्या हॉटेलातून चहा आला आणि निवून गेला. मग एकाएकी, कोणी आतून कवाड उघडावे तशी, नळी त्याच्या मुठीत गरम झाली, आणि त्याने हात मागे घेतला.