मणिकर्णिकेवरचे बोलके लाकूड

वय उतरणीला लागले की ‘अर्धी लाकडं मसणात गेली’ असे मराठी माणूस हसत हसत म्हणून जातो. वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर मात्र हे शब्द डोळ्यांसमोर साक्षात उभे राहतात. अरुंद गल्लीतून घाटाकडे यावे, तो लाकडांच्या उंचच उंच राशी, काठाशी ओंडक्यांनी भरलेल्या नावा आणि मोठाले तराजू. चितेचे लाकूड येथे तोलून मिळते. चंदन परवडणारे थोडे. बाकीच्यांना आंब्यासारखे साधे लाकूड. चिता मात्र सर्वांच्या सारख्याच, रात्रंदिवस पेटलेल्या.

पण लाकूड नुसते जळत नाही, ते गातेही. मुलांच्या इंग्रजी अक्षरमालेत ‘एक्स’पुढे ज्या झायलोफोनचे चित्र असते, त्याचे नावच तसे आहे. ग्रीक भाषेत ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. आपल्याकडे याच जातीच्या वाद्याला काष्ठतरंग म्हणतात. खेळण्यांच्या दुकानातले रंगीत धातूच्या पट्ट्यांचे वाद्य म्हणूनच नावापुरते झायलोफोन! लाकडी पट्टी आखूड केली की स्वर चढतो, मधोमध खालून तासली की उतरतो. लाकूड मात्र चांगले वाळलेले हवे. ओले बद्द वाजते. चितेलाही सुकेच लाकूड लागते.

या वाद्याचे मृत्यूशी नाते युरोपनेही जोडले. १५३८ साली प्रसिद्ध झालेल्या होल्बाइनच्या मृत्युविषयक चित्रमालेत एका वृद्धेपुढे सांगाडा हेच वाद्य वाजवत चालतो. फ्रेंच संगीतकार सें-सान्स याने १८७४ साली मध्यरात्री नाचणाऱ्या सांगाड्यांची रचना केली, तेव्हा हाडांच्या खडखडाटासाठी झायलोफोनच निवडला.

मणिकर्णिकेवर मात्र स्मशानातले नृत्य ही कल्पना नाही. चैत्र शुद्ध सप्तमीच्या रात्री जळत्या चितांच्या साक्षीने येथील मसाननाथापुढे नगरवधू नाचतात. राजा मानसिंहाने मंदिराचा जीर्णोद्धार केला तेव्हा स्मशानात गायला कोणी कलावंत येईना, म्हणून त्या पुढे आल्या, असे सांगतात. त्यांचे मागणे एकच असते: पुढचा जन्म असा नको. ढोलक-घुंगरांच्या नादात हे मागणे ऐकले, की करमणूक म्हणून पाहायला आलेल्याची मान खाली जाते.

शंकराचे कर्णभूषण येथील कुंडात पडले म्हणून हे नाव पडले, अशी कथा आहे. झाशीच्या राणीचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच. घाटावर गेलात तर छायाचित्रे काढू नका; शोक करणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला उभे राहा. डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा. तराजूत पडणाऱ्या ओंडक्याचा टणत्कार आणि चितेतला तडतडाट, लाकडाचे हे दोन्ही स्वर तेथे एकाच वेळी ऐकू येतात.