माझ्या आवडीचा माकडांचा सिनेमा

सिनेमाचा विषय निघाला की कार्यकर्ते मंडळी मला विचारतात, "तुमचा आवडता पिक्चर कोणता?" त्यांना वाटते, मी जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सांगेन, नाही तर नागराज मंजुळेंचा 'फँड्री' सांगेन. ते दोन्ही मला आवडतातच. पण मी नाव घेतो 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे, म्हणजे माकडांच्या ग्रहाचे. मग हशा पिकतो. आमच्या वस्तीतील एक वयस्कर गृहस्थ तर एकदा रागावलेच. म्हणाले, "लोक आपल्याला आधीच काय काय म्हणत आले, त्यात तू माकडांच्या पिक्चरचे कौतुक सांगतोस?" त्यांचा राग मला समजतो. म्हणूनच हा खुलासा.

हा अमेरिकन सिनेमा १९६८ सालचा. दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफनर. मूळ कादंबरी पियरे बूल या फ्रेंच लेखकाची, १९६३ साली आलेली. सिनेमा इतका चालला की १९७३ पर्यंत त्याचे आणखी चार भाग निघाले. २००१ साली तो नव्याने काढला गेला आणि २०११ ते २०२४ या काळात आणखी चार भाग आले. मी पाहिला तो पहिला भाग. बी.कॉम.साठी कोल्हापुरात राहत होतो, तेव्हा मित्राच्या खोलीवर केबलवर लागला होता. इंग्रजी निम्मे कळले, निम्मे नाही. गोष्ट मात्र कळली, कारण ती ओळखीची होती.

तीन अंतराळवीर एका ग्रहावर उतरतात. तिथे माकडांचे राज्य आहे. माणसे मुकी आहेत, रानात जनावरांसारखी फिरतात आणि माकडे घोड्यावर बसून त्यांची शिकार करतात. या शिकारीत टेलर नावाच्या अंतराळवीराच्या गळ्याला गोळी लागते, त्याचा आवाज जातो आणि त्याला पिंजऱ्यात टाकले जाते. तेव्हा आमच्या त्या वडीलधाऱ्यांना माझे पहिले उत्तर हे की, या सिनेमात माकडे राज्यकर्ती आहेत. पिंजऱ्यात आहे तो माणूस, आणि त्याचे माणूसपण कोणी मान्य करायला तयार नाही.

माकडांमध्येही सगळे सारखे नाहीत. ओरांगउटानांकडे धर्मग्रंथ, कायदा आणि कारभार. गोरिलांकडे बंदुका आणि अंगमेहनतीची कामे. चिंपांझी शिकलेले, दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत राबणारे, पण अखेरचा शब्द त्यांचा नाही. डॉ. झेयस हा ओरांगउटान एकाच वेळी विज्ञानमंत्री आहे आणि धर्माचा मुख्य रक्षकही आहे. विज्ञानाच्या किल्ल्या धर्मरक्षकाच्याच कमरेला!

एका प्रसंगात एक चिंपांझी डॉक्टर आपल्या बढतीविषयी झिरा या चिंपांझी विदुषीला विचारतो. ती सांगते की, झेयस चिंपांझींकडे नाक मुरडूनच बघतात. तो म्हणतो, कोटा तर रद्द झाला आहे, मग मी वर का जाऊ शकत नाही? हे मला पुढे सिनेमा पुन्हा पाहताना नीट कळले आणि मी चकित झालो. तिथला कोटा म्हणजे 'इतक्याच चिंपांझींना आत घ्या' अशी अडवणूक. आपल्याकडचे आरक्षण याच्या नेमके उलट. आमच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीच्या निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या बंद दार उघडण्यासाठी. पण नियम बदलला तरी नाक मुरडणे लगेच थांबत नाही, हे त्या दोन वाक्यांत आले आहे. कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना ते वेगळे समजावून सांगायला नको.

माझ्या मनात कायमचा बसलेला प्रसंग मात्र याहून साधा आहे. टेलरला बोलता येत नाही, म्हणून तो मातीत अक्षरे लिहितो. झेयस ती पाहतो आणि आपल्या काठीने पुसून टाकतो. ज्याला ती नुसत्या रेघोट्या वाटल्या असत्या, तो तसाच पुढे गेला असता. झेयसला अक्षर समजले, म्हणूनच त्याने ते पुसले. पुढे टेलर झिराची वही हिसकावून घेतो आणि तिच्यावर आपले नाव लिहितो. मी कारकून माणूस, माझे सारे आयुष्य कागदावर लिहिण्यात गेले. संध्याकाळी वस्तीतील लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. अर्ज पुरा झाला की खाली सही करताना त्यांचा हात किती जपून चालतो, ते मी रोज पाहतो. आपले नाव आपल्या हाताने लिहिणे म्हणजे काय, ते त्या वेळी कळते.

मग टेलरला न्यायासनापुढे उभे केले जाते. त्याच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वासाने न्यायासनाचा अपमान होतो म्हणून त्या उतरवल्या जातात. फिर्यादी पक्ष त्याला धर्मग्रंथातले प्रश्न विचारतो. ज्याने तो ग्रंथ कधी हातात घेतलेला नाही, तो काय उत्तर देणार? उत्तर आले नाही, म्हणजे त्याला बुद्धी नाही, असा निष्कर्ष निघतो. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या झिरावर आणि तिच्या जोडीदारावर, कॉर्नेलियसवर, पाखंडाचा आरोप येतो. आणि तीन न्यायाधीशांपैकी एक डोळ्यांवर, एक कानांवर, एक तोंडावर हात ठेवून बसतो. ती तीन माकडे आपण शाळेच्या भिंतीवर सद्गुण म्हणून पाहिली आहेत. इथे ती अन्याय करताना दिसतात.

हे सारे कल्पनेतले म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या मलकापुरातील एका मुलीला प्रवेशासाठी जात पडताळणी हवी होती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. एका कार्यालयात तिला सांगण्यात आले, "पणजोबांचा शाळेचा दाखला आणा." ज्या माणसाला शाळेची पायरीच चढता आली नाही, त्याच्या शाळेचा दाखला! मुलगी रडकुंडीला आली. शेवटी आम्ही कोतवाल बुकाच्या मागे लागलो. गावच्या जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदवहीत, मोडी लिपीत, तिच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. तिथे पणजोबांचे नाव होते आणि जातही होती. जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घेतले, नक्कल जोडली आणि काम झाले. ती मुलगी मला म्हणाली, "काका, पणजोबांचे नाव मी पहिल्यांदाच लिहिलेले बघितले."

सिनेमातही पुरावा असाच गाडलेला आहे. बंदी घातलेल्या प्रदेशातील एका गुहेत कॉर्नेलियसने उत्खनन केलेले असते. तिथे, माकडांच्या संस्कृतीपेक्षा जुन्या थरात, माणसाची एक बाहुली सापडते आणि ती बाहुली बोलते. जिथे माणसे मुकी आहेत, तिथे बोलणारी माणसाची बाहुली माकडे कशाला बनवतील? ग्रंथ खोटा ठरायला एवढे पुरे होते. झेयस काय करतो? सुरुंग लावून गुहा बुजवून टाकतो. कारण त्याला सत्य आधीपासून ठाऊक असते. अज्ञानी माणसाला शिकवता येते, पण जाणूनबुजून झाकणाऱ्याशी झगडावेच लागते. हा धडा मी या सिनेमातून घेतला आणि कोतवाल बुकाचे पान हाती आले तेव्हा तो पटला.

पडद्यामागची एक हकीकत तर पडद्यावरच्या गोष्टीहून बोलकी आहे. माकडांचे चेहरे तयार करणाऱ्या जॉन चेंबर्सला या कामासाठी खास ऑस्कर मिळाले. ते चेहरे लावलेले नट जेवणाच्या सुट्टीत आपोआप वेगवेगळे बसू लागले. गोरिला गोरिलांत, चिंपांझी चिंपांझींत, ओरांगउटान ओरांगउटानांत. खुद्द चार्ल्टन हेस्टन, म्हणजे टेलरचे काम करणारा नट, हे सांगत असे. कोणी हुकूम केला नव्हता. रबराचा मुखवटा चढला आणि पंगती वेगळ्या झाल्या! आपल्याकडे तर हा मुखवटा जन्मताच चढवला जातो.

सिनेमात उणिवा आहेत. तीन अंतराळवीरांपैकी एक कृष्णवर्णीय आहे. त्याला मारून, पेंढा भरून संग्रहालयात उभे केलेले दिसते, पण त्याच्याविषयी सिनेमा फारसे बोलत नाही. नोव्हा ही रानातली स्त्री शेवटपर्यंत मुकीच राहते. वाचा मिळते ती एका गोऱ्या पुरुषाला. हेही पाहणाऱ्याने पाहावे.

शेवटी टेलर समुद्रकिनाऱ्याने घोड्यावरून जातो आणि वाळूत अर्धा गाडलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याला दिसतो. तेव्हा कळते, हा परका ग्रह नाही, ही आपलीच पृथ्वी आहे आणि तिचा नाश माणसांनीच केला आहे. बाबासाहेब १९१३ साली ज्या न्यूयॉर्क शहरात शिकायला गेले, त्याच शहराच्या बंदरात हा पुतळा उभा आहे. स्वातंत्र्य एकदा मिळाले म्हणजे कायमचे राहते असे नाही, जपले नाही तर ते वाळूत जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला हाच इशारा दिला होता.

वाचकहो, जमल्यास घरातील मोठ्या मुलांबरोबर हा सिनेमा पाहा. लहानग्यांना भीती वाटेल असे काही प्रसंग त्यात आहेत. सिनेमा संपल्यावर मुलांना गोष्ट विचारू नका, फक्त एवढेच विचारा: झेयसने मातीतले अक्षर का पुसले? जे उत्तर येईल, त्यावर घरात बोलणे होऊ द्या.