समासातलं सव्वा अकरा

पर्यटनाचं पुस्तक हातात आलं की मी आधी सोलापूरचं पान उघडते. सोलापूरला आम्हाला जायचं नसतं, आम्ही तिथेच राहतो. पण ज्या गावात पंचवीस वर्षं भाजी आणली, त्या गावाबद्दल लेखक काय थापा मारतो ते कळलं, की मी न पाहिलेल्या गावांबद्दल तो काय करत असेल याचा अंदाज येतो.

२०२३ च्या नाताळात रत्नागिरी जिल्ह्यात जायचं ठरलं, तेव्हा ही परीक्षा दोन पुस्तकांनी दिली. एक नापास झालं, तरी मी ते घेतलं. त्याचंच हे सगळं रामायण.

नापास झालेलं पुस्तक पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळालं. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, महाराष्ट्रातले सगळे जिल्हे. सोलापूरच्या वाट्याला अर्धं पान. त्यात चादरी, शेंगाचटणी, सिद्धेश्वराचं देऊळ आणि नान्नजच्या अभयारण्यात मुक्तपणे बागडणारे माळढोक. माळढोक! नान्नजच्या माळावर हल्ली एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. लेखकमहाशय नान्नजला गेलेले नव्हते, एवढं पक्कं झालं. पुस्तकाच्या शेवटी हॉटेलांच्या जाहिराती होत्या आणि आतल्या ‘राहण्याची उत्तम सोय’ या चौकटीतही नेमकी तीच हॉटेलं. तिथेच ते खाली ठेवायला हवं होतं. पण नववीतल्या मुलीला कोकणात यायला राजी करायचं होतं. तिला मजकूर नको होता, निळं पाणी हवं होतं. घेतलं.

दुसरं पुस्तक सोलापुरातच, रद्दीवाल्याकडे. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली आठ पानं गायब, त्यामुळे लेखकाचं नाव मला आजही ठाऊक नाही. मागच्या पुठ्ठ्यावर किंमत ३५ रुपये. मी सवयीने सोलापूर उघडलं, तर अडीच पानं! आणि त्यातलं एक आख्खं हत्तरसंग कुडलला दिलेलं. भीमा-सीनेचा संगम, तिथलं संगमेश्वराचं देऊळ, देवळातला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. हे सगळं ग्रंथालयात बसूनही लिहिता येतं. पण पुढे त्याने लिहिलं होतं की फाट्यावर उतरल्यावर चालावं लागतं, वाटेत सावली नाही, पाणी बरोबर न्या. हे वाक्य डोकं तापलेल्या माणसाचं होतं. दहा रुपयांना मी ते घरी आणलं.

त्या पुस्तकाचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत माझी गणना होईल. जेवणाचे दर वाचून मुलीने ‘हे खरंच रुपये आहेत?’ असं विचारलं. फोन नंबर पाच आकडी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पत्ताच नव्हता, त्यामुळे गाडीने किती तास लागतील याबाबत ते निरुपयोगी. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरीच्या सड्यांवर, जांभ्यात कोरलेली हत्ती, मासे, माणसं यांची ती प्रचंड चित्रं हजारो वर्षांपूर्वीची, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून ती उजेडात आणली ती अगदी अलीकडे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तीस वर्षांपूर्वीच्या लेखकाला ती कुठून दिसणार? गुराख्यांना तेवढी ठाऊक होती. इथे गुळगुळीत पुस्तक पुढे निघालं. त्यात उक्षीच्या हत्तीचा फोटो होता, कशेळीचाही होता.

आमच्या ह्यांनी तिसरी गोष्ट मध्येच घुसवली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० सालचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड त्यांनी संगणकावर उतरवून घेतला. ‘याच्यापुढे तुझी दोन्ही पुस्तकं पोरकट आहेत,’ असं म्हणून रोज रात्री त्यातला इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायला लागले. त्यातून सहलीचं काही ठरवता येत नाही. बंदरात किती वाव पाणी आहे हे कळतं, चहा कुठे मिळेल हे नाही. पण तो खंड टाकाऊ नव्हता हे मला नंतर, घाटात कळलं.

आता ती पेन्सिल. जुन्या पुस्तकाच्या आधीच्या मालकाने समासात जागोजागी बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवलं होतं. गुहागरला ‘व्याडेश्वरामागे खाणावळ, आधी सांगावे’. गणपतीपुळ्याला ‘गर्दी’, आणि त्याखाली दोन रेघा. हेदवीच्या मजकुराशेजारी मात्र फक्त ‘१५ — ११।’. मला वाटलं हिशेब असेल. सासऱ्यांना दाखवलं. ते अठ्ठ्याहत्तरचे, जुन्या वळणाने शिकलेले. म्हणाले, ‘अकराच्या पुढची उभी रेघ म्हणजे पाव. सव्वा अकरा. पंधरा रुपये आणि सव्वा अकरा रुपये असतील.’ हिशेबच निघाला म्हणून मी पान उलटलं.

कार्यक्रम मी त्या गुळगुळीत पुस्तकावरून आखला. कारण सोपं होतं. त्यात तक्ता होता, आणि तक्ता दिसला की शिक्षकाला बरं वाटतं. पहिला दिवस प्रवास आणि चिपळूण, दुसरा गुहागर-वेळणेश्वर-हेदवी, तिसरा जयगड-गणपतीपुळे, चौथा रत्नागिरी. हेदवीपुढे लिहिलं होतं, ‘दशभुज गणेश, समुद्रकाठी उमामहेश्वराचं देऊळ, त्यालगत बामणघळ, सूर्यास्त अवश्य पाहावा.’ कधी जावं, तर वर्षभर केव्हाही.

चोवीस तारखेला कराडहून कुंभार्ली घाट उतरताना गॅझेटियर कामाला आलं. ह्यांनी गाडी चालवता चालवता सांगितलं की चिपळूणपर्यंत वाशिष्ठीतून गलबतं यायची आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर याच घाटाने कराडला चढायचा. दाभोळ खाडीच्या तोंडाशी, चिपळूण खाडीच्या शेवटाशी, आणि मध्ये नदी हाच रस्ता. एकदा हे डोक्यात बसलं की नकाशा बोलायला लागतो. जयगड शास्त्रीच्या तोंडाशी का, गावं खाड्यांच्या टोकाला का, कोकणात समोर दिसणाऱ्या गावाला जायला दोन तास का लागतात, सगळं उलगडतं. असली पुस्तकं घरी वाचायची नसतात, तिथे उतरताना वाचायची असतात. मी हे ह्यांना कबूल केलेलं नाही.

पंचवीस तारखेला गुहागर झालं, वेळणेश्वर झालं. नाताळची गर्दी सगळीकडे. दुपारी गणपती करून पाचच्या सुमाराला आम्ही बामणघळीवर पोहोचलो. देवळामागचे काळे खडक ओलांडून गेलो, तर समोर एक अरुंद, लांबट भेग. तळाशी पाणी डुचमळत होतं. हौदात डुचमळतं तेवढंच. मुलीने पुस्तकातला फोटो काढून समोर धरला. फोटोत पंधरा-वीस फूट उंच फवारा होता. तिने फोटोकडे पाहिलं, भेगेकडे पाहिलं आणि काही न बोलता खडकावर बसून मोबाइल काढला. सूर्यास्त चांगला झाला, हे पुस्तकाच्या बाजूने सांगायला हवं.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी आंबोळ्या वाढता वाढता विचारलं, ‘घळ बघितलीत?’

‘बघितली. पण पाणीच नव्हतं हो.’

‘किती वाजता गेला होतात?’

‘पाच.’

काकूंचा हात थांबला. ‘आज चौदस. पाचला तर पुरती ओहोटी. ओहोटीला घळ बघून काय करणार तुम्ही? उद्या पुनव आहे, दत्तजयंती. सव्वा अकराला जा.’

सासऱ्यांनी आणि मी एकदम मान वर केली.

‘सव्वा अकरा कसं काढलंत?’ मी विचारलं.

‘तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. आठमीला सहा. वद्य पक्षात परत एकापासून. आमच्याकडे होड्यावाल्यांची पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात हे.’

मी शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या मुलांना चंद्राचं गुरुत्वाकर्षण, उधाणाची भरती, भांगाची भरती, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे सगळं फळ्यावर आकृती काढून समजावते. मुलं परीक्षेत ते लिहितात, मी त्यांना मार्क देते. आणि सोलापूरहून निघताना घरातल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असताना, समुद्र पाहायला निघालेल्या मला तिथी बघायचं सुचलं नाही. गणितही साधं आहे. तिथी पुढे सरकली की पाऊण तास पुढे, पन्नास मिनिटांच्या जवळपास. होड्यावाल्यांनी पाच मिनिटं सोडून दिली आहेत, कारण त्यांना मार्क मिळवायचे नव्हते.

सासरे उठले आणि खोलीतून ते फाटकं पुस्तक घेऊन आले. काकूंना समास दाखवला. ‘पंधरा म्हणजे पुनव,’ काकू म्हणाल्या. ‘बरोबर लिहिलंय की.’ मग सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पाव मी बरोबर वाचली होती.’ हे त्यांनी पुढच्या चार दिवसांत किमान सहा वेळा सांगितलं.

सव्वीस तारखेला अकराच्या आधीच आम्ही जाऊन उभे राहिलो, खडकांवर शेवाळ असतं म्हणून काकूंनी बजावल्याप्रमाणे चांगले लांब. आधी आवाज आला. लाट खालून भेगेत शिरते, भेग आत निमुळती होत जाते, पाण्याला जागा उरत नाही, आणि मग ते सगळं एकदम वर फुटतं. पहिल्या फवाऱ्याला मुलगी किंचाळली. दुसऱ्याला सासऱ्यांचा चष्मा भिजला. मोबाइल पिशवीत गेला तो तासभर बाहेर आला नाही. फोटो काढायचा राहून गेला, त्यामुळे तो फोटो अजून फक्त त्या गुळगुळीत पुस्तकातच आहे. ज्या कोणी तो काढला, तो भरतीच्या वेळी हजर होता. मजकूर ज्याने लिहिला, त्याने त्याला विचारलं नाही, एवढंच.

दुपारी तवसाळच्या धक्क्यावर दुसरा धडा. गुळगुळीत पुस्तकातल्या तक्त्यात हेदवी-जयगड अंतर दिलं होतं, मध्ये खाडी आहे हे दिलं नव्हतं. जुन्या पुस्तकात ‘तवसाळहून होडीने जयगड’ असं होतं, पण होडीत माणसं जातात, आमची मोटार कशी जाणार? प्रत्यक्षात तिथे आता गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे. नसती तर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा. पण नाताळ असल्यामुळे धक्क्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि आमचा नंबर तिसऱ्या फेरीला लागला. दोन्ही पुस्तकं आपापल्या परीने चुकली. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि तवसाळच्या समासात लिहिलं, ‘गाडी जाते. सुट्टीत दोन तास धरावे. कोकम सरबत बरे.’

बाकीचं लवकर सांगते. गणपतीपुळ्याला समासातली ‘गर्दी’ आणि त्याखालच्या दोन्ही रेघा अजूनही लागू आहेत. मालगुंडला केशवसुतांच्या घरी सासरे बराच वेळ रेंगाळले. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहताना मुलीने विचारलं की ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी नेमकं इथेच का आणून ठेवलं. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात हे गॅझेटियर काढू लागले. ‘बाबा, ते १८८० चं आहे,’ ती म्हणाली, ‘राजा नंतर आला.’ ह्यांना गप्प करणारं एवढं साधं वाक्य घरात पहिल्यांदाच कोणी बोललं.

उक्षीला गेलो तो गुळगुळीत पुस्तकामुळेच. हत्तीची रेघ पाहताना आधी काहीच कळत नाही, नुसता जांभ्याचा सडा. मग सोंड दिसते, मग पाठ, आणि मग आपण केवढ्या मोठ्या चित्रासमोर उभे आहोत ते कळतं. त्या पुस्तकाने उन्हाबद्दल काही लिहिलं नव्हतं. मी हत्तरसंग कुडल आठवून पाण्याच्या तीन बाटल्या बरोबर घेतल्या होत्या. त्या पुरल्या. परत आल्यावर उक्षीची नोंद लिहायला जुन्या पुस्तकात उक्षीच नव्हतं, म्हणून रत्नागिरीच्या पानाखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

गुळगुळीत पुस्तक मुलीच्या कपाटात आहे, त्यातली दोन पानं कापून तिने भिंतीवर लावली आहेत. फाटकं पुस्तक गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई कोकणात जाताना मागून घेऊन गेल्या. जायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला.

‘अहो, या पुस्तकावर कोणीतरी हिशेब लिहून ठेवलेत. पुसून टाकू का?’