सस्पेन्स खात्यातली वायर

बँकेत सस्पेन्स खातं नावाचा एक फार दयाळू प्रकार असतो. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती त्या खात्यात टाकायची आणि निवांत चहाला जायचं. पुढे केव्हातरी ऑडिटर येतो, नेमकं तिथेच बोट ठेवतो आणि मग धावाधाव होते. पण ती पुढची गोष्ट. मी बी.कॉम. झालो त्यातलं आज जे काही आठवतं, त्यात या खात्याचा नंबर पहिला लागावा.

असं एक खातं मी घरातही उघडलेलं आहे. टेबलाचा सगळ्यात खालचा खण. कुठल्या कुलपाच्या ते ठाऊक नसलेल्या किल्ल्या, वहिनींच्या माहेरचं एक झाकण (भांडं गेलं, झाकण राहिलं), अशा गोष्टी तिथे जमा असतात. २००१ सालच्या जून महिन्यात त्यात एक वायर जमा झाली. हात-दीड हात लांब, सुतळीपेक्षा थोडी जाड, दोन्ही टोकांना चार-चार भोकांच्या चपट्या टोप्या. सोबत सात स्क्रू.

ती कुठून उरली ते सांगायला हवं.

आमचे अण्णा बँकेत हेडक्लार्क होते आणि युनियनचे कट्टर सभासद. १९८० च्या दशकात बँकांत यंत्रं आणायची की नाही यावर जे काही मोर्चे निघाले, त्यांतल्या निदान तीन मोर्च्यांत अण्णांनी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पुढे १९८३ साली करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. अण्णा त्या यंत्राशेजारून जाताना मान दुसरीकडे वळवत. अखेर २००१ साली स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. सरकारी बँकांतून लाखाच्या वर माणसं बाहेर पडली, त्यांत आमचे अण्णा एक. वय चोपन्न. हातात हार, नारळ आणि बरी रक्कम. आणि या गृहस्थांनी त्या रकमेतून पहिली वस्तू काय घ्यावी? कॉम्प्युटर!

आई म्हणाली, "अहो, ज्यानं नोकरी घालवली त्यालाच घरी आणता?"

अण्णा म्हणाले, "शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा."

खरं कारण मी होतो. बी.कॉम.चा निकाल लागला होता आणि 'पोराला कॉम्प्युटर आला पाहिजे' हे वाक्य तेव्हा डोंबिवलीतल्या प्रत्येक जिन्यात ऐकू येई. तयार कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. सुटे भाग आणून घरी जोडला तर आठ-दहा हजार वाचतात, असं समोरच्या बिऱ्हाडातल्या डिप्लोमाच्या मुलानं सांगितलं. वाचतात म्हटल्यावर अण्णांपुढे दुसरा प्रश्नच उरला नाही.

आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, पण तिथे माल घ्यायला जाणाऱ्या माणसाला मी अजून ते नाव घेताना ऐकलेलं नाही. पंधरा इंची मॉनिटर छातीशी धरून मी, पत्र्याचं रिकामं कॅबिनेट डोक्यावर घेऊन अण्णा, अशी आमची वरात ग्रँट रोडहून दादरला आणि दादरचा पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या मालडब्यात शिरली. तिथल्या कोळणींनी 'टी.व्ही. केवढ्याला?' म्हणून विचारलं. अण्णांनी किंमत सांगताच त्यांनी जी कीव केली, ती मी इथे लिहू शकत नाही.

जोडणी घरच्या जमिनीवर, वर्तमानपत्र अंथरून झाली. हार्ड डिस्क, सी.डी. ड्राइव्ह, साउंड कार्ड. चाळीस तारांची ती करड्या रंगाची चपटी पट्टी, तिचा लाल काठ वीज येते त्या बाजूला ठेवायचा एवढं मला पाठ करून दिलं होतं. लाल काठ म्हटला की आईच्या साडीपलीकडे ज्याची मजल गेली नव्हती, त्यानं बारा मिनिटांत ती लावून दाखवली. कॉम्प्युटर चालू झाला. विंडोज ९८ नं सलामी दिली, स्पीकरमधून झंकार उमटला. आई देव्हाऱ्यातून साखर घेऊन आली. आणि जमिनीवर उरले सात स्क्रू आणि ती वायर. म्हटलं, चालतंय ना? मग जा सस्पेन्समध्ये.

अण्णांनी खिशातून एक सी.डी. काढली. किशोरीताईंचा भूप. निवृत्तीनंतरची त्यांची स्वतःसाठीची एकुलती एक खरेदी. ती आत सरकवली, पडद्यावर सेकंद पळू लागले आणि स्पीकरमधून... काही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. अण्णा म्हणाले, "आलापी विलंबित असेल."

पाच मिनिटांनी ते उठून गेले. काही बोलले नाहीत. हीच अण्णांची वाईट खोड. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढचे पंधरा दिवस मी काय काय केलं! साउंड कार्डाचा ड्रायव्हर तीनदा काढून घातला. विंडोज पुन्हा टाकलं. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "सी.डी. डुप्लिकेट असेल." गंमत अशी की पत्त्यांचा डाव टाळ्या वाजवी, खेळातल्या मोटारी बोंबलत, फक्त अण्णांची किशोरीताई मुकी. चाळीस हजारांचं यंत्र, वडिलांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं, आणि मी ते बहिरं-मुकं करून ठेवलं, असं मला जेवताना घास घशात अडकेपर्यंत वाटू लागलं.

एका दुपारी क्लासहून लवकर आलो तर दृश्य असं : अण्णा पाटावर बसलेले, डोकं कॅबिनेटला टेकलेलं, एखाद्या भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसं. जवळ गेलो तेव्हा कळलं. ड्राइव्हच्या तोंडावर एक बारीक भोक असतं, शेजारी आवाज वाढवायची दातेरी चकती आणि एक 'प्ले'चं बटण. अण्णांनी माझ्या जुन्या वॉकमनचा इअरफोन त्यात खुपसला होता. मी दुकानदाराशी फोनवर भांडत होतो, तेव्हापासून ते रोज दुपारी असं ऐकत होते. मला सांगितलं नाही, कारण मला वाईट वाटलं असतं!

आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाला आई. एक बोंडूक अण्णांच्या उजव्या कानात, दुसरं आईच्या डाव्या. वायर हातभर, त्यामुळे दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. माझ्या आठवणीत हे दोघं एवढ्या जवळ फक्त लग्नाच्या फोटोत बसले होते, आणि तिथेसुद्धा मध्ये एक मामा आहे.

"माझ्याकडे नुसता तबला येतोय हो," आई म्हणत होती.

"मग बदल. घे, ताई घे."

मी आल्या पावली परत फिरलो आणि समोरच्या मुलाला गाठलं. त्यानं खण उघडायला लावला, वायर उचलली आणि एका मिनिटात माझी बी.कॉम.ची पदवी काढून घेतली. म्हणाला, "दादा, त्या चपट्या पट्टीतून फाइली जातात. गाणं तिथून जात नाही."

मुद्दा असा होता. गाण्याच्या सी.डी.वर, म्हणजे १९८२ साली बाजारात आली तेव्हापासूनच, दर सेकंदाला ४४,१०० आकडे प्रत्येक कानासाठी लिहिलेले असतात. त्या आकड्यांचा सूर ड्राइव्ह स्वतःच्या पोटातच करतो. कॉम्प्युटर फक्त 'चालू', 'बंद', 'पुढचं गाणं' एवढे हुकूम देतो. त्याला स्वतःला काही ऐकू येत नसतं. सूर साउंड कार्डापर्यंत न्यायचा तर ही वेगळी वायर. एक तार डाव्या कानाची, एक उजव्या कानाची, मधल्या दोन नुसत्या जमिनीला टेकलेल्या. अशा दोन प्रत्येक कचेरीत असतातच. म्हणजे बँकेतल्यासारखंच. साहेब सही करून मोकळा, रोकड मात्र दुसऱ्याच खिडकीतून. मी सहीचा रस्ता बांधला होता, रोकडीचा विसरलो होतो.

वायर लावली. ड्राइव्हच्या पाठीकडून साउंड कार्डावर जिथे 'सी.डी. इन' लिहिलं होतं तिथे. टक्! भूप घरभर झाला. खालच्या मजल्यावरून 'जरा हळू' असा निरोपही आला. अण्णा म्हणाले, "छान." एवढंच. मला वाटलं, निवृत्तीमुळे मन लागत नसेल.

२००२ साली मी एका सहकारी बँकेत चिकटलो आणि पहिल्या बोनसात सी.डी. रायटर आणला, अण्णांच्या कॅसेटी उतरवून ठेवायला म्हणून. आता ड्राइव्ह दोन झाले. एकाच पट्टीवर दोन बसवायचे तर एकाला 'मास्टर' आणि एकाला 'स्लेव्ह' करावं लागतं, त्यासाठी मागे एक चिमुकली टोपी इकडची तिकडे. हे ऐकून अण्णांमधला युनियनवाला जागा झाला. "आपल्या घरात हे चालणार नाही," म्हणाले. शेवटी जुन्याला सेवाज्येष्ठतेनुसार मास्टर करून समेट घडवला.

आवाजाची भानगड पुन्हा उभी राहिली. ड्राइव्ह दोन आणि 'सी.डी. इन' एकच. मी म्हटलं, दोन्ही वायरी पिळून एकत्र घालू, जॉइंट अकाउंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर! डिप्लोमावाला कळवळला. तसं केलं तर दोघं एकमेकांना ओढतात आणि दोघांचाही आवाज पडतो, म्हणाला. (पुढे माझं लग्न झाल्यावर हे वाक्य मला बरेचदा आठवलं.) शेजारीच 'ऑक्स इन' म्हणून तसलीच चार खिळ्यांची दुसरी जागा होती. नवा तिथे जोडला. दोघंही सुखानं गाऊ लागले.

दोनेक महिन्यांनी जुन्या ड्राइव्हचा आवाज स्पीकरवर येईनासा झाला. मी आवाजाच्या खिडकीतल्या सगळ्या खुणा तपासल्या. उघडून बघतो म्हटलं तर अण्णा घाईघाईनं म्हणाले, "राहू दे रे, पाहुण्यांना ऐकवायचं तर वरचा आहे की. आमचं काही अडत नाही." तेवढ्यात माझी बदली वसईला झाली, ते राहूनच गेलं. त्या यंत्रानं शेवटपर्यंत विंडोज ९८ सोडलं नाही. पुढची विंडोज आली तशी गाणंही त्या चपट्या पट्टीतूनच वाहू लागलं आणि ही वायर जगातूनच उठली.

अण्णा २०१९ साली गेले.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना ते कॅबिनेट खाली काढलं. भंगारवाला दारात तराजू घेऊन उभा. लोखंड वेगळं करू म्हणून मी झाकण उघडलं. रायटरची वायर जागच्या जागी. जुन्या ड्राइव्हची मात्र 'सी.डी. इन'मधून काढलेली, चौपदरी घडी घातलेली आणि वर दोन वेढ्यांचा रबर. शंभराच्या नोटांच्या पुडक्याला बँकेत लावतात तसा. ती घडी सैल सुटलेल्या वायरची नव्हती.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चकल्यांचं पीठ हाताला.

"ती त्यांनी काढली होती," ती म्हणाली. "इअरफोन घातला तरी तुझे स्पीकर वाजतच राहायचे."

"मग स्पीकर बंद करायचे ना! बटण होतं."

"तू विचारलं असतंस, बंद का ठेवलेत म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भंगारवाल्यानं वजनाचं विचारलं, त्याला उद्या ये म्हटलं. कॅबिनेटची पिन लावली. पंखा खोकला, घरघरला, पडद्याची गरजच नव्हती. आतली सी.डी. कुणी बाहेर काढलीच नव्हती. मुलगा आपले बिनवायरचे इअरफोन घेऊन धावत आला आणि त्या भोकाकडे बघतच राहिला. आईनं हात धुतले, कपाटातून जुना वॉकमनचा इअरफोन आणला. त्यालाही रबर होताच. मग पाट ओढला.

उजवं बोंडूक तिनं आपल्या कानात घातलं आणि डावं माझ्यासमोर धरलं.

"घे," म्हणाली. "पण तुला तबलाच येईल हं."