औषधाच्या मापातले जेवण

दवाखान्यात औषध मोजून द्यायची प्लॅस्टिकची एक लहानशी वाटी असते. तिच्यात काठोकाठ भरले तर ३० मिलिलीटर मावते. मार्च २०२४ मध्ये आमच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने तीच वाटी पाण्याने भरून आमच्या हातात दिली. म्हणाली, "काका, हे पंधरा मिनिटांत संपवायचं. एका घोटात नाही." आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. ऑफिसात एका बैठकीत तांब्याभर पाणी पिणारा माणूस तो!

आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो ही या पानावर लिहिण्याची जुनी सवय. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. पण त्या वेळचे आमचे वजन १२६ किलो होते, तेव्हा अनेकवचन अगदीच चुकीचे होते असेही नाही.

वजन वाढले कसे, हे सांगायला लाज कशाला? दिवसभर ऑफिसात खुर्ची. संध्याकाळी वस्तीत कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज भर, कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला काढून दे, शनिवारी अभ्यासवर्ग. ज्या घरी जावे तिथे चहा, ज्या घरी वेळ होईल तिथे जेवण. रात्री घरी आल्यावर पुन्हा जेवण, कारण मुलांची आई थांबलेली. चाळिशीत मधुमेह आला, मग इन्शुलिन आले. रात्री झोपेत श्वास अडायचा, मुले उठून हलवायची. गुडघे रेल्वेचा पूल चढू देईनात. पथ्ये केली, चाललो, दहा किलो उतरवले आणि बारा परत आणले. असे तीनदा झाले. शेवटी डॉक्टरांनी उंची-वजनाचे गणित मांडून दाखवले. आम्ही बी.कॉम. झालेले, हिशेब कळतो. आमची उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४४ च्या वर. विम्यातून काही भाग मिळाला, उरलेल्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले, ते अजून फिटते आहे.

आमची शस्त्रक्रिया झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. भूक चेतवणारे एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून सुरुवातीला भूकही कमी लागते. लोकांना वाटते ऑपरेशन झाले की काम झाले. ऑपरेशन दोन-अडीच तासांचे. खरी परीक्षा पुढच्या दोन महिन्यांची, कारण नळीच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत पिनांची शिवण असते आणि ती आतून भरून यायला वेळ लागतो. शिवण भरण्याआधी घट्ट अन्न गेले, ताण आला, तर ती उसवू शकते. आतले पोटात गळले तर जिवावर बेतते. नवे घातलेले प्लॅस्टर ओले असताना त्यावर कोणी खिळा ठोकतो का? आहाराच्या पायऱ्या त्यासाठी.

प्रत्येक दवाखान्याचा तक्ता थोडा वेगळा असतो. आमच्या तक्त्यात पहिले दोन दिवस पाणी, नारळपाणी, डाळीचे गाळलेले पाणी. मग दुसरा आठवडा संपेपर्यंत फक्त पातळ: ताक, साय काढलेले दूध, गाळलेले सूप, प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले, गुठळी नसलेले. पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि त्यानंतर हळूहळू घरचे जेवण. साखर नाही, सोडा नाही, स्ट्रॉने पिणे नाही, कारण हवा आत जाते. चहाही बंद, आणि हे आम्हाला जठर जाण्यापेक्षा जड गेले. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, तेव्हा साठ गाठायचे कसे? मुलीने वहीत जमाखर्च मांडला. डाव्या पानावर पाणी, उजव्या पानावर प्रथिने, रात्री बेरीज. लेजर आम्ही आयुष्यभर लिहिले, पण रोजची शिल्लक इतकी तुटीची कधी पाहिली नव्हती.

घरात सर्वांत जास्त त्रास झाला तो आईला. घरी आलो त्या दिवशी ती समोर बसून आमचे ते घोट-घोट पिणे पाहत होती. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. सुकडी खाल्ली, मिलोची भाकर खाल्ली. पोटभर मिळावं म्हणून गाव सोडून मुंबईला आलो. आन् तू पैसे भरून पोट कापून आलास?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून पुसून खायचा, ताटात काही टाकायचे नाही, हे मार खाऊन शिकलो, त्याच घरात आता डॉक्टर सांगत होते की, छातीत जरा दाटल्यासारखे झाले, उचकी आली, नाक वाहू लागले, की वाटीत दोन चमचे उरलेले असले तरी हात थांबवा. ते दोन चमचे टाकताना हात थरथरायचा. पहिले काही दिवस आईच ते उचलून खायची. मुलगी म्हणाली, "आजी, आता तुझं वजन वाढेल." तेव्हा कुठे ती हसली.

पण पुढे तिनेच घर सावरले. तिसरा आठवडा लागल्यावर, मिक्सरमधल्या त्या बेचव पिवळ्या लगद्याने आम्हाला मळमळू लागले, तेव्हा तिने हुलग्याचे पीठ मागवले आणि माडगे केले. जिरे, लसणाचा वास, चिमूटभर मीठ, गूळ नाही. आहारतज्ज्ञ बाईंना फोनवर विचारले, त्या म्हणाल्या, पातळ ठेवा, गाळून घ्या, दोन-तीन चमच्यांनी सुरू करा. हुलग्यात प्रथिने भरपूर. दुष्काळात ज्याच्यावर दिवस काढले, तेच पुन्हा चुलीवर चढले, आणि आईच्या तोंडावर प्रथमच असे दिसले की या आजारात तिलाही काही कळते.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे लिहायला घेतले ती सांगतो.

शस्त्रक्रियेची गोष्ट आम्ही वस्तीत कोणाला सांगितली नव्हती. पोटात अल्सर होता असे सांगितले. लोक म्हणतील, गरिबांच्या कामाला फिरतो आणि खाऊन खाऊन इतका माजला की कापून घ्यावे लागले, ही भीती. ७ एप्रिलचा रविवार होता, म्हणजे तिसरा आठवडा. पलीकडच्या गल्लीतल्या एका मावशींच्या विधवा पेन्शनचे कागद अडले होते. त्यांच्या घरी गेलो. कागद झाले. त्यांनी ताट वाढले. ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा.

आम्ही म्हणालो, "मावशी, आज नको. पोट बरं नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. ताट थोडे मागे ओढले आणि हळूच म्हणाल्या, "चालतं ना भाऊ आमच्या घरचं?"

वाचकहो, हे वाक्य आमच्या माणसाला कसे लागते ते इतरांना सांगून कळणार नाही. मावशींच्या आईने गावात दुसऱ्याच्या दाराबाहेर वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलले असेल. आणि इथे आपल्याच माणसाने ताट नाकारले, तेही खोटे बोलून. आम्ही खाली बसलो. भाकरीचा एक घास सुकटीत बुडवला आणि खाल्ला. भरीस भर म्हणून दुसरा. चावण्याचे भान राहिले नाही, तीस वेळा कुठले, पाच वेळाही चावले नसेल.

दोन मिनिटांत छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळावी तसे झाले. तोंडात फेसासारखी लाळ, कपाळाला घाम. मोरीपर्यंत पोचलो तेवढेच. वांतीने घास निघाला, कळ मात्र थांबेना. मावशींनी पाठीवर हात ठेवला आणि शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळले. त्या घाबरून एकच म्हणत होत्या, "माझ्या अन्नात काय व्हतं रं? माझ्या अन्नात काय व्हतं?"

दवाखान्यात तपासणी झाली. शिवण शाबूत होती. तरुण डॉक्टर रागावले, तीन दिवस पुन्हा पातळ आहारावर पाठवले आणि शाळेतल्या मुलाला सांगावे तसे पुन्हा सगळे सांगितले. आम्ही मान खाली घालून ऐकले. मनात मात्र मावशींचे वाक्य. त्यांचे अन्न उत्तम होते. दोष आमच्या खोटेपणाचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. कसले ऑपरेशन, का केले, किती कापले, काय खायचे, काय नाही. पोटावरची पाच लहान भोकांची खूण दाखवली. त्या नाकाला पदर लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "येवढंच ना? मग आधी का नाही सांगितलं? मी काय तोंडात कोंबणार व्हते?" दोन दिवसांत गल्लीभर झाले. कोणी हसले असतील, आमच्यासमोर कोणी हसले नाही. उलट दोघे-तिघे रात्री हळूच येऊन विचारून गेले, त्यांच्या घरात कोणाची साखर, कोणाचे वजन. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की हे ऑपरेशन सर्वांसाठी नाही, आधी डॉक्टरकडे जा, आणि गोळ्या व तपासण्या जन्मभर चालू ठेवायची तयारी असेल तरच विचार करा. बी-१२, कॅल्शियम, लोह आम्ही आजही घेतो. तिसऱ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळाले, ते पुढे परत आले. दीड वर्षात वजन ८९ वर आले, इन्शुलिन सुटले, एक गोळी राहिली. रेल्वेचा पूल चढतो, मध्ये थांबत नाही.

त्या वर्षीच्या १४ एप्रिलला आम्ही चौथ्या आठवड्यात होतो. दुपारी मंडपात पंगती बसल्या. मंडळाची पोरे पुरी-भाजी वाढत होती आणि आम्ही खुर्चीवर बसून कूपने फाडत होतो. एवढ्यात मावशी गर्दीतून वाट काढत आल्या. हातात स्टीलचा लहान डबा. झाकण उघडले तर मुगाची डाळ, अगदी गुळगुळीत घोटलेली, वर हळदीचा पिवळा रंग, फोडणी नाही. चहाचा चमचा आमच्या हातात दिला, शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि पाण्याचे ग्लास घेऊन येणाऱ्या पोराला हात आडवा करून म्हणाल्या, "ये, भाऊंना पानी नको. अर्धा तास हाय अजून."