शके ८२२ चा सोमवार

'शके' हा शब्द आपल्याला भेटतो तो लग्नपत्रिकेवर, नाहीतर देशातून मागवलेल्या पंचांगात. तोच फिलिपिन्समधल्या एका ताम्रपटावर आहे हे वाचून आम्ही दोघंही चाट पडलो!

लगुना प्रांतात १९८९ साली सापडलेल्या या ताम्रपटावर चक्क तिथी आहे: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. स्पॅनिश लोक येण्याच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी. मजकूर कर्जमुक्तीचा. नमवरनवरचं सोन्याचं कर्ज माफ झालं, त्याची मुलं मोकळी झाली. पुढे कुणी तगादा लावलाच तर दाखवायला तिथीवारासकट पुरावा!

नंतर स्पॅनिश वार आले. सोमवारचा 'लुनेस' झाला, तोही चंद्राचाच म्हणा. शके गेलं, तिथीही गेली. पण तागालोग भाषेत चंद्राला आणि महिन्याला आजही एकच शब्द आहे, 'बुवान'. सूर्याला आणि दिवसाला 'आराव'. रोज तोंडात होतं ते टिकलं.

आम्ही दरवर्षी हौसेनं पंचांग मागवतो, भिंतीला लावतो. मुलांना मात्र 'आज तिथी कोणती?' असं कधी विचारतच नाही. आता विचारायला हवं.