होकाराची जागा

गेल्या पावसाळ्यात माझा तार षड्ज गेला. डॉक्टरांनी घसा तपासला, वय विचारलं आणि वरचं गाणं बंद करायला सांगितलं. फणसवाडीतल्या खोलीवर येऊन पेटी उघडली आणि काळी दोन सोडून पांढरी एकवर आलो. सूर जुळला, पण आख्यानातली एक जागा काही केल्या बसेना.

ती जागा रेव्हरंड टिळकांच्या होकाराची. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आम्ही ख्रिस्ती कीर्तनकार हे दोन प्रसंग लागोपाठ उभे करतो. मधला काळ दोन ओव्यांत संपवतो. मीही तीस वर्षं तेच केलं. डोंगरावरच्या प्रवचनाने ते कसे हलले हे साकीत रंगवायचं, तबल्याची तिहाई घ्यायची आणि 'प्रभू, आलो!' म्हणत वरच्या षड्जावर उभं राहायचं. समोर डोळ्यांना पदर लागायचे. ते किती लागले हे मी गाता गाता मोजायचो. देवाच्या नावाने उभा राहून मी माझ्या गळ्याची आरती करून घेत होतो.

षड्ज गेल्यावर ही जागा मी शिष्येला द्यायची ठरवली. ती परळच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून सकाळी येते. गळा मोकळा, ताल पक्का. सगळं आख्यान उचललं आणि नेमकी इथे अडली.

"काका, गाडीतल्या त्या दिवसापासून बाप्तिस्म्यापर्यंत त्यांना झोप लागत असेल का हो?"

मी म्हटलं, "तू सूर लाव."

"नाही लागत. मी अजून तिथेच आहे."

तेव्हा कळलं. नोकरी सोडून सेवेचं शिक्षण घ्यावं असं बोलावणं तिला दोन वर्षं जाणवत होतं, आणि शंका सुटत नव्हती. मागे एकदा तिने आडून विचारलं होतं, तेव्हा मी ठसक्यात सांगितलं होतं, "शंका गेली की बोलावणं खरं समजावं." माझ्या आख्यानात ती तशीच जायची, तिहाईवर.

१८९५ हे साल तेव्हापासून मला सोडत नाही. फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत होकार दिला, आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला याच मुंबईत फादर नीलकंठशास्त्री गोरे वारले. काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री. आधी मिशनऱ्यांचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, मग १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. पुढे पाद्री झाले. पंडिता रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्यात त्यांच्या लिखाणाचा हात होता. दुसऱ्यांना वाट दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःला शंकांनी वर्षानुवर्षं ग्रासलं. तरी सत्तेचाळीस वर्षं ते त्या होकाराला धरून राहिले. त्यांचं आख्यान मी कधी लावलं नाही. तिहाई कुठे घ्यावी तेच कळेना.

हल्ली सभांमधून कीबोर्ड आणि ड्रमवर तीन मिनिटांच्या साक्षी होतात. अमुक दिवशी, अमुक वाजता सगळा अंधार गेला. मला त्यांचा राग येतो. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं ते ऐकणाऱ्याला रात्रभर कथेत बसवण्यासाठी. तिथे घाई नव्हती. पण त्या पोरांवर राग काढताना माझीच तिहाई कानात वाजते. मीही तेच विकत होतो, फक्त रागदारीत.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? टिळकांचा तो होकार त्यांना न विचारता दिलेला. १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत त्यांनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. मी त्यांना आख्यानातून वगळलं होतं, कारण त्या आल्या की षड्जाचा रंग उतरायचा.

सोनापूरच्या बाजूला सात दुःखांच्या मातेचं देऊळ आहे. मी कॅथलिक पंथाचा नाही, पण रोज तिथून जातो. परवा पायरीशी थांबलो. मरियेने देवदूताला हो म्हटलं, आणि पुढे शिमोनाने सांगितलेल्या तलवारीपासून मुलाला कबरेत ठेवेपर्यंत सात दुःखं. ही सगळी होकारानंतरची. दूताला तिने आधी प्रश्नच विचारला होता, हे होईल कसं म्हणून. मी तो प्रश्न कधी गायलो नाही.

गेल्या रविवारी शिष्या आली. प्रवेशाचा अर्ज भरून टाकला म्हणाली.

"शंका गेली?"

"नाही. ती आहेच."

मग तिने ती जागा गायली. साकी घेतली नाही, तिहाई घेतली नाही. 'प्रभू, आलो' हे तिने खालच्या निषादावर, बोलल्यासारखं म्हटलं, आणि तिथेच थांबली. खोलीत निषाद लोंबकळत राहिला. मला सोसेना. भाता चालूच होता, बोट आपसूक षड्जाच्या पट्टीवर गेलं.

तिने माझा हात धरला आणि पट्टीवरून उचलून अलगद माझ्या मांडीवर ठेवला.